जीप रॅंग्लरचा मागचा एक्सल बदलायचा का, हे कसं ठरवावं

१९९७ ते २००६ मधली जीप रॅंग्लर, म्हणजे टीजे, घेतली की कोणीतरी सांगतंच: मागचा डाना ३५ (गाडीसोबत आलेला एक्सल, म्हणजे दोन्ही चाकं फिरवणारा आडवा भाग) काढ आणि फोर्डचा जास्त दणकट ८.८ टाक. अमेरिकेत कोलोराडोत जुनी टीजे घेतल्यावर मीही हे ऐकलं, पण कामाला उलटा हात घातला. आधी एक्सलमधले गिअर बदलले, लॉकर (दोन्ही चाकं एकत्रच फिरवणारा भाग) टाकला आणि वर्षभराने टायर मोठे केले. मग एक्सलही बदलावा लागला. मागच्या एक्सलमध्ये घातलेला पैसा पाण्यात, कारण तो गिअर आणि तो लॉकर दुसऱ्या एक्सलला बसत नाही. म्हणून क्रम नीट सांगतो.

आधी गाडीखाली शिरा आणि एक्सल कोणता आहे ते बघा. एक्सलच्या मधल्या फुगीर भागाच्या कव्हरवर तेल भरायच्या जागी रबरी बूच असेल तर डाना ३५. रुबिकॉन या मॉडेलला २००३ पासून पुढेमागे डाना ४४ हा जास्त दणकट एक्सल येतो, इतर टीजेंनाही मागे तो पर्यायाने मिळायचा. तुमच्याकडे ४४ निघाला तर पैसे वाचले, पुढचं वाचायची गरज नाही.

मग टायर ठरवा. आत्ता आहेत ते नाहीत, तुम्ही शेवटी जिथे थांबणार ते. सगळा निर्णय यावर उभा आहे. ३१ इंची टायर, लॉकर नाही, आणि पाय हलका असेल तर डाना ३५ मुकाट्याने वर्षानुवर्षं चालतो. ३३ इंच आणि सोबत लॉकर म्हटलं की काळजी सुरू. ३५ इंच घालणार असाल तर विचार करत बसू नका, बदला.

लॉकरने इतका फरक का पडतो? साध्या डिफरन्शियलमध्ये (एक्सलच्या मधोमध असलेली, दोन्ही चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) एक चाक हवेत गेलं की ते नुसतं फिरतं, शाफ्टवर, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्यावर, फारसा जोर येतच नाही. लॉकर असला की सगळा जोर दगडात अडकलेल्या त्या एका चाकाच्या शाफ्टवर जातो. डाना ३५ च्या शाफ्टला २७ स्प्लाइन (टोकावरचे उभे दाते), फोर्ड एक्सप्लोररच्या ८.८ ला ३१. शिवाय डाना ३५ चा शाफ्ट आत एका सी-क्लिपवर (इंग्रजी C च्या आकाराच्या कडीवर) अडकवलेला असतो. तो मोडला की चाकासकट बाहेर सरकतो. (८.८ मध्येही सी-क्लिपच असते, ही गोष्ट विकणारे सांगत नाहीत. शाफ्ट जाड आहे, एवढाच दिलासा.)

आता गिअर रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्ट (एक्सलपर्यंत जोर आणणारा लांब दांडा) किती वेळा फिरतो ते. तुमचा कोणता, ते कव्हर न उघडता कळतं. लॉकर नसेल तर गाडीची इतर चाकं अडकवून मागचं एकच चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावा, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणारी पेटी) न्यूट्रलला टाका. उचललेलं चाक दोन पूर्ण फेरे फिरवा (एकच चाक फिरतंय म्हणून दोन) आणि प्रोपेलर शाफ्ट किती फिरला ते खडूच्या खुणेने मोजा. पावणेचारच्या जवळपास फिरला तर रेशो ३.७३. मूळ २८ इंची टायरवरून ३३ वर जाताना गाडीचा मूळ जोर टिकवायचा तर ३.७३ गुणिले ३३ भागिले २८, म्हणजे ४.४ च्या आसपास रेशो हवा. मग पर्याय ४.१० किंवा ४.५६.

इथेच खरा निकाल लागतो. गिअर बदलायचेच असतील तर मागचा एक्सल बदलायची हीच वेळ, कारण डिफरन्शियल उघडायची मजुरी एकदाच द्यायची. गिअर बदलायचे नसतील, तर एक्सलला हात लावू नका. एक मात्र विसरू नका: पुढचा आणि मागचा रेशो जुळला नाही, तर फोर-व्हीलमध्ये कडक रस्त्यावर ट्रान्सफर केसचं वाटोळं होतं.

तरी ठरत नसेल तर तेल काढून, आतली सी-क्लिप सोडवून शाफ्ट बाहेर ओढा. बेअरिंग थेट शाफ्टवर फिरतं, त्या जागेवर नख फिरवा. नख अडकलं की घळ पडली. मग स्प्लाइनकडे प्रकाशात बघा. रेषा सरळ न दिसता पिळल्यासारख्या दिसल्या, तर त्या शाफ्टचं आयुष्य संपत आलंय.

बदलायचं ठरलं तर १९९५ ते २००१ च्या एक्सप्लोररचा शोधा. डिस्क ब्रेक येतात, चाकाच्या पाच बोल्टांचं माप टीजेसारखंच, आणि भंगार गाड्यांच्या यार्डात ३.७३ किंवा ४.१० मध्येही सापडतो. पण एक्सल स्वस्त मिळाला म्हणून हुरळू नका, खर्च वेल्डिंगमध्ये आहे. टीजेला मागे कॉइल स्प्रिंग, म्हणून लीफ स्प्रिंगचे जुने पाय कापून कंट्रोल आर्म, कॉइल, ट्रॅक बार आणि शॉकचे ब्रॅकेट जोडावे लागतात. शाफ्टभोवतीच्या ट्यूब मधल्या हाउसिंगमध्ये दाबून बसवलेल्या असतात, त्याही पूर्ण वेल्ड करून घ्या, नाहीतर जोर आला की आत फिरतात. पिनियनचा (प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडतो त्या गिअरचा) कोन, प्रोपेलर शाफ्टची लांबी, हँडब्रेकची केबल, स्पीडोमीटरचा गिअर हे सगळं अंदाजपत्रकात आधीच लिहा. बहुतेकांचं गणित तिथेच चुकतं.

महाराष्ट्रात थार किंवा जिप्सीवर हे करायचं डोक्यात असेल, तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आधी वाचा आणि आरटीओत विचारा. उत्पादकाच्या मूळ रचनेला सोडून केलेला बदल तिथे चालत नाही, आणि गॅरेजवाल्याने दिलेला दिलासा तिथे कामाला येणार नाही.