धुतलेली मोटारसायकल नीट कोरडी कशी करावी

बोअरच्या पाण्याने गाडी धुऊन उन्हात तशीच सोडा आणि तासाभराने टाकीकडे बघा. जिथे जिथे थेंब होता तिथे पांढरट गोल डाग उमटलेला दिसेल. पाणी उडून गेलं, त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तेवढे मागे राहिले. हा डाग निदान डोळ्यांना दिसतो. चेनच्या कड्यांत, ड्रम ब्रेकच्या आत, स्पार्क प्लगच्या (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या भागाच्या) खड्ड्यात जे पाणी राहतं ते दिसत नाही, आणि गाडीचं खरं नुकसान तेच करतं. म्हणून गाडी धुवायला अर्धा तास लागत असेल तर सुकवायला आणखी अर्धा तास हाताशी ठेवूनच बसावं. ऑफिसला निघायच्या दहा मिनिटं आधी गाडी धुवायला घेऊ नये.

सुरुवात शेवटच्या पाण्यापासूनच होते. साबण निघून गेला की पाइपचं तोंड दाबून फवारा मारू नका. पाइप मोकळा सोडा आणि टाकीवरून, सीटवरून संथ धार जाऊ द्या. असं पाणी सलग पडद्यासारखं उतरतं आणि थेंब कमी राहतात. मग गाडी सावलीत घ्या. मेन स्टँडवर दोन मिनिटं, साइड स्टँडवर दोन मिनिटं उभी करा, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. मडगार्डच्या आत आणि हेडलाइटच्या मागे अडकलेलं कितीतरी पाणी एवढ्यानेच खाली येतं.

आता फडका. दोन मायक्रोफायबर फडके पुरेत: एक टाकी, मीटर, आरसे, हेडलाइट यांसाठी आणि दुसरा इंजिन, चाकं, चेनकव्हरसाठी. हे दोन कधीही एकमेकांत मिसळू नका. खालच्या फडक्यात बसलेले वाळूचे कण टाकीवर फिरले की बारीक गोल ओरखडे पडतात आणि ते पॉलिशनेही सहज जात नाहीत. मायक्रोफायबर नसेल तर जुना, धुऊन मऊ झालेला सुती बनियन चालतो, फक्त त्याची शिवण टाकीला लागू देऊ नका. फडका घासायचा नाही. टाकीवर पसरून ठेवायचा, हाताने हलका दाबायचा आणि उचलायचा. काम वरून खाली करत जायचं, म्हणजे पुसलेल्या जागेवर पुन्हा पाणी ओघळत नाही.

टाकीच्या झाकणाभोवती एक खोलगट कडा असते. तिच्यात साचणारं पाणी खाली जावं म्हणून बऱ्याच गाड्यांत बारीक भोक असतं आणि ते धुळीने बुजतं. झाकण उघडण्याआधी ही कडा फडक्याच्या टोकाने पूर्ण टिपून घ्या. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाला जाणारं पेट्रोल तळाजवळूनच उचललं जातं. मग गाडी अडखळते आणि दोष कशाचा ते लवकर सापडत नाही.

जिथे फडका पोचत नाही तिथे हवा लागते. पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो, पण त्याच्या टाकीतही पाणी साचलेलं असतं. आधी दोन-चार सेकंद हवा मोकळी सोडा आणि मगच गाडीवर धरा. घरी धूळ उडवायचा छोटा ब्लोअर असेल तर उत्तमच, फक्त त्याची वायर आणि एक्स्टेन्शन बोर्ड ओल्या फरशीवर ठेवू नका. हवा मारायच्या जागा ठरलेल्या आहेत: चावीचं भोक, दोन्ही हातांकडची बटणं, क्लच आणि ब्रेकच्या दांड्यांचे सांधे, हॉर्न, इंजिनाच्या पात्यांमधल्या फटी, वायरींचे सॉकेट. कॉम्प्रेसरची जोरदार हवा चाकाच्या किंवा हँडलच्या बेअरिंगवर थेट मारू नये. सील ओलांडून पाणी आत ढकललं जातं आणि आतलं ग्रीस खराब होतं.

प्लगकडे जरा जास्त लक्ष द्या. ज्या इंजिनांत प्लग वरून खोल खड्ड्यात बसतो तिथे पाणी हमखास साचतं. धुतल्यावर गाडी फटफट करत बंद पडते तेव्हा पहिला संशय इथेच घ्यावा. आधी भोवतालचं पाणी हवेने उडवा, मग प्लगवरची वायरची टोपी (कॅप) ओढून काढा, आतून पुसा आणि पुन्हा घट्ट बसवा. उलट क्रमाने केलं तर खड्ड्यातलं पाणी थेट प्लगवर उतरतं.

चेनसाठी गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये आणि इंजिन बंद हवं. चाक हाताने फिरवत फडक्यात चेन धरून पुसायची. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसणारे मी पाहिले आहेत. असं कधीही, एकदासुद्धा करू नका. फडका स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रात, ओढला जातो आणि त्याच्यामागे बोट जातं. तेल मात्र आत्ता घालायचं नाही. ओल्या चेनवर तेल घातलं की पाणी कड्यांत कोंडलं जातं.

आता इंजिन सुरू करा, उघड्यावर, बंद पार्किंगमध्ये नाही. आणि दोन मिनिटांत बंद करू नका. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. थंड सायलेन्सरमध्ये त्यातलं बरंचसं वाफेचं पाणी होऊन साचतं. थोडा वेळ इंजिन चालवून बंद केलं तर सायलेन्सर सुकायच्या ऐवजी आतून आणखी ओला होतो. त्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटं गाडी फिरवून आणा.

निघताना पहिले दोनशे मीटर अगदी हळू जा आणि दोन्ही ब्रेक हलके दाबत राहा. माझ्या ड्रम ब्रेकच्या गाडीने एकदा धुतल्या धुतल्या गल्लीच्या तोंडाशी ब्रेकच पकडला नव्हता. दांडी दाबली जात होती आणि गाडी पुढे सरकत होती. ड्रममधलं पाणी घर्षणाच्या उष्णतेनेच जातं. डिस्क लवकर सुकते. तिच्यावर रात्रीत तांबूस गंज आलेला दिसला तर घाबरू नका, पहिल्या काही ब्रेकमध्ये तो निघून जातो. डिस्कवर किंवा ड्रमजवळ गंज घालवायचा स्प्रे किंवा तेल मात्र चुकूनही लागू देऊ नका.

परत आल्यावर चेन कोमट असते, तेल घालायची हीच वेळ. चेनचा स्प्रे किंवा 90 नंबरचं गिअर ऑइल, चेनच्या आतल्या बाजूने, चाक हळूहळू फिरवत घाला. पाच-दहा मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका, नाहीतर ते मागच्या रिमवर उडतं. तारांची चाकं असतील तर प्रत्येक तार रिमला जिथे मिळते तिथे फडक्याचं टोक फिरवा. गंज तिथूनच सुरू होतो, आणि कोकणात समुद्राकाठी राहत असाल तर फार लवकर. खारी हवा धातूवर ओल धरून ठेवते.

सीटचा फोम शिलाईतून पाणी पितो. सीट निघत असेल तर काढून, उभी टेकवून वाऱ्याला ठेवा. तिच्याखालचे बॅटरीचे टर्मिनल पुसा आणि त्यांना थोडी व्हॅसलीन लावा. गाडीवर कव्हर लगेच घालू नका. आतली ओल बाहेर जाऊ शकत नाही आणि रात्रभर गाडी घामेजल्यासारखी राहते. पावसाळ्यात तर कव्हर दुसऱ्या दिवशीच घाला, तेही सीटखाली एकदा हात फिरवून बघितल्यावर.