मे महिन्यात नागपुरात बेटांवरचे सिनेमे कसे पाहावेत

दुपारी घराबाहेर पाय ठेवायची सोय नसते, तेव्हा आमच्या महाल भागातल्या घरी मी स्कॉटलंडच्या बेटांवरचे जुने सिनेमे लावतो. तुम्हालाही लावायचे असतील तर आधी कूलरचं बघा. त्याच्या घरघरीत वारा ऐकू येत नाही, आणि या सिनेमांत अर्धं काम वाराच करतो. हेडफोन घाला, नाहीतर रात्री गच्चीवर पाहा.

सुरुवात १९३७ च्या 'द एज ऑफ द वर्ल्ड'ने करा. गोष्ट सुचली स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटावरून. तिथली शेवटची माणसं १९३० मध्ये बेट सोडून गेली. दिग्दर्शक मायकेल पॉवेलला तिथे चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही, म्हणून तो शेटलंडमधल्या फुला बेटावर गेला. मोबाईलवर नकाशा उघडा ठेवा. कड्यांचे शॉट आले की थांबवा आणि त्यात माणूस शोधा, मग उंची कळते.

पुढे १९४५ चा 'आय नो व्हेअर आय ॲम गोइंग!', मल बेटावरचा. नायकाचं काम करणारा नट रॉजर लिव्हसी लंडनच्या नाटकात अडकलेला, चित्रीकरणाला स्कॉटलंडला गेलाच नाही. तिथल्या दृश्यांत लांबून दिसतो तो त्याचा डुप्लिकेट. जवळून चेहरा आला की स्टुडिओ समजायचा. पोरांना हा खेळ फार आवडतो.

'व्हिस्की गलोर!' (१९४९, बॅरा बेट) पाहुणे असतील त्या दिवशी.

आयर्लंडचा 'मॅन ऑफ ॲरन' (१९३४) मात्र माहितीपट म्हणून गिळू नका. त्यातली शार्कची शिकार तिथे केव्हाच बंद पडली होती. दिग्दर्शक फ्लाहर्टीने ती बेटकऱ्यांना शिकवून करवून घेतली. लाटा तेवढ्या खऱ्या.