जुने बाल्सा रेडिओ विमान पुन्हा उडते कसे करावे

जुन्या किटमधून बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचे घडवलेले, रेडिओने चालवायचे छोटे विमान दुरुस्तीला घेण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की असावी. अशा विमानाचे लाकूड कोरड्या जागी ५०-६० वर्षे सहज टिकते. आधी दगा देतात ते त्याचे सांधे, आवरण आणि आतील विद्युत भाग. म्हणून लाकूड वाचेल तेवढे वाचवावे आणि बाकीच्या तिन्ही बाबतींत कोणतीही भीड ठेवू नये.

उदाहरण म्हणून ब्रिटनच्या कीलक्राफ्ट कंपनीचे ‘ज्युनिअर ६०’ घेऊ. आल्बर्ट हॅटफुल यांनी १९४६ साली रचलेल्या या विमानाचा पंखविस्तार ६० इंच, म्हणजे सुमारे दीड मीटर आहे. मुळात ते मुक्त उड्डाणासाठी, म्हणजे सोडल्यावर कोणत्याही नियंत्रणाविना उडण्यासाठी होते; पुढे रेडिओ संच आवाक्यात आल्यावर हौशी मंडळींनी त्यात रेडिओने हलणारे सुकाणू व एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग) बसवले. संथ उडणारे, चौकोनी फ्यूजलाजचे (धडाचे) हे विमान पहिल्या जीर्णोद्धारासाठी मला सर्वांत योग्य वाटते. त्याचे प्लॅन (बांधणीचे नकाशे) आजही मिळतात आणि किटही पुन्हा निघाले आहे.

सुरुवात नोंदीपासून करावी. सर्व बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून, छायाचित्रे घ्यावीत. पंखाची बैठक आणि शेपटीची बैठक यांच्यातील कोन मोजून लिहून ठेवावा. प्लॅनची झेरॉक्स वापरणार असाल तर तिच्यावरील एखादे लांब माप प्रत्यक्ष मोजून पाहावे, कारण झेरॉक्समध्ये कागद एका दिशेने किंचित ताणला जातो आणि मग डाव्या-उजव्या बाजूंचा मेळ बसत नाही.

यानंतर आवरण उतरवावे. डोप (आवरण ताणून घट्ट करणारे लॅकर) लावलेला टिश्यू, म्हणजे पातळ कागद, दोन रिबांच्या (पंखाला आकार देणाऱ्या पातळ फळ्यांच्या) मधोमध कापावा, रिबांवरील पट्टी ब्रशने थिनर लावून मऊ करावी आणि रिबेच्या लांबीच्या दिशेने सोलावी. आडवी ओढल्यास लाकडाचे सालपट निघते. सांगाडा उघडा झाला की पंख दोन्ही टोकांना धरून अगदी हलकेच पिळावा. सुटलेला सांधा चिरचिरतो. सांध्यांतील जुना गोंद, म्हणजे सेल्युलोज सिमेंट, वर्षांनुवर्षे वाळून पिवळा, काचेसारखा ठिसूळ होतो आणि नखाने उचकटला तरी निघतो. असा प्रत्येक सांधा खरवडून, उघड्या लाकडावर नवा गोंद लावून पुन्हा जोडावा. जुन्या सिमेंटवरच गोंद ओतणे म्हणजे दोष झाकणे होय. सर्वसाधारण सांध्यांना पांढरा फेव्हिकॉल पुरतो, इंजिन जिच्यावर बसते त्या पुढच्या भिंतीसाठी आणि चाकांच्या तारेच्या बैठकीसाठी इपॉक्सी वापरावे.

मोडलेला स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारी मुख्य काठी) टोकाला टोक लावून कधीही जोडू नये. दोन्ही तुकडे तिरके तासावेत. तिरप्या कापाची लांबी स्पारच्या जाडीच्या किमान ८ ते १० पट असावी, म्हणजे गोंदाला पुरेसे क्षेत्रफळ मिळते आणि भार एका रेषेवर येत नाही. वरून दोन्ही बाजूंना पातळ प्लायवूडची पट्टी चिकटवावी.

नाकाकडील लाकूड बहुधा इंधनातील तेलाने काळे पडलेले असते आणि त्यावर कोणताही गोंद धरत नाही. कॉर्नफ्लोअर थिनरमध्ये कालवून त्याचा जाड लेप द्यावा, वाळल्यावर ब्रशने झाडावा आणि पीठ पांढरे निघेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. तरीही लाकूड मऊ लागले तर तेवढा भाग कापून नवा बसवावा.

तुटलेल्या रिबा एकेक कापण्यापेक्षा एकत्र घडवाव्यात. या पंखातील बऱ्याच रिबा एकाच मापाच्या असल्याने, शाबूत रिबेवरून प्लायवूडचे दोन साचे बनवावेत, त्यांच्यामध्ये बाल्साचे तुकडे रचून आरपार दोन बोल्ट घट्ट करावेत आणि सगळा गठ्ठा ठोकळ्यावर ताणलेल्या पॉलिशपेपरने साच्याच्या कडेपर्यंत घासावा. स्पारच्या खाचाही गठ्ठ्यातच कापाव्यात. सारे तुकडे समान वजनाच्या, समान रेषांच्या बाल्साच्या पातळ फळीतून निवडणे मात्र आवश्यक आहे. डावा पंख हलका आणि उजवा जड झाला तर विमान आयुष्यभर एका बाजूला कलते.

पंख सपाट फळीवर, प्लॅनवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून, टाचण्यांनी जखडूनच जोडावा. फ्यूजलाजच्या दोन बाजू नव्याने कराव्या लागल्या तर एकीवर दुसरी ठेवून बांधाव्यात.

आवरणासाठी टिश्यू, रेशीम किंवा उष्णतेने आकसणारी फिल्म यांपैकी काहीही चालते. माझे मत टिश्यू किंवा रेशमाच्या बाजूने आहे, कारण डोपसह ते सांगाड्याला खरा ताठपणा देतात. टिश्यू चिकटवून पाण्याचा बारीक फवारा मारावा, सुकून ताणला की निम्मा थिनर घातलेल्या डोपचे दोन-तीन हात द्यावेत. प्रत्येक हातानंतर पंख फळीला टाचून वाळू द्यावा, नाहीतर आकसणारा डोप त्याला पीळ घालतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हे काम करू नये: दमट हवेत डोपवर पांढरी झाक येते आणि थर कमकुवत होतो. नायट्रेट डोप अत्यंत ज्वलनशील आहे, तेव्हा खिडक्या उघड्या आणि जवळपास ज्योत नाही याची खात्री करावी. ग्लो इंजिन (मिथेनॉलयुक्त इंधनावर चालणारे छोटे इंजिन) वापरणार असाल तर त्यावर इंधनरोधक थर हवाच, कारण मिथेनॉल त्या डोपला मऊ करते.

जुना रेडिओ शोभेसाठी जपावा, उडवण्यासाठी नव्हे. निकेल-कॅडमियम बॅटरी गळते आणि तिचे रसायन ऋण तारेच्या आतून लांबवर पोहोचते. तार सोलली की आत तांबे काळे दिसते आणि त्यावर झाळ धरत नाही. तारा, स्विच, बॅटरी सगळे बदलून २.४ गिगाहर्ट्झचा संच बसवावा. इंजिन अडकले असेल तर ते वाळलेल्या एरंडेल तेलामुळे असण्याची शक्यता अधिक; जोर न करता गरम हवेने तापवून सैल करावे.

मुक्त उड्डाणाच्या जुन्या प्लॅनवर गुरुत्वमध्य (विमान जिथे तोलून राहते तो बिंदू) अनेकदा बराच मागे दाखवलेला असतो. रेडिओने उडवताना तो पंखाच्या पुढील कडेपासून रुंदीच्या एक-तृतीयांशाच्या आसपास आणून सुरुवात करावी आणि त्यानुसार शेपटीचा कोन जुळवावा. आपल्याकडे उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय या ऑनलाइन ड्रोन नकाशावर ती जागा हिरव्या क्षेत्रात आहे का ते पाहावे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार मॉडेल विमान नजरेच्या टप्प्यातच ठेवावे लागते. रेडिओच्या पल्ल्याची चाचणी करून, उंच गवतावर, वाऱ्याच्या समोर, नाक किंचित खाली ठेवून हाताने सोडून पाहावे. ते सरळ तरंगत उतरले तरच इंजिन सुरू करावे. पंख धरून ठेवणारे रबर बँड तेलाने लवकर कुजतात, म्हणून ते प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी नवे घालावेत.