कम्युनिटी कॉलेजच्या सायन्स इंटरव्ह्यूत या चुका टाळा

अमेरिकेत पीएचडी, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करून आता कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे कोर्स देणाऱ्या कॉलेजात, शिकवायचं म्हणणारे आपल्यातले बरेच जण आहेत, आणि ते अडकतात ते विषय येत नाही म्हणून नाही, तर रिसर्च युनिव्हर्सिटीसाठी केलेली तयारी तशीच उचलून इथे नेतात म्हणून.

सगळ्यात जास्त घोळ टीचिंग डेमोत, म्हणजे इंटरव्ह्यूत पॅनलसमोर शिकवून दाखवायचं असतं त्यात, होतो. साधारण १० ते २० मिनिटं मिळतात, टॉपिक बहुतेक वेळा तेच देतात, समजा ऑस्मोसिस (पेशीच्या पडद्यातून पाण्याची ये-जा). मग ढीगभर स्लाइड्स, शेवटी स्वतःच्या पेपरमधला ग्राफ, आणि धडाधड बोलत सुटायचं. अहो, पॅनलला ऑस्मोसिस शिकायचं नाहीये, तुम्ही पहिल्या सेमिस्टरच्या पोरांना कसं शिकवता ते बघायचंय! बोर्डवर एक लाल रक्तपेशी काढा, ती शुद्ध पाण्यात टाकली तर काय होईल ते आधी विचारा, शेजाऱ्याशी मिनिटभर बोलू द्या. कोणी म्हणालं आकसेल, तर चूक म्हणून पुढे पळू नका, पाणी कुठून कुठे जातंय तो बाण त्यालाच काढायला लावा. पेशी फुगून फुटेल इथपर्यंत ते स्वतः पोचले की झालं. एकच कन्सेप्ट घ्या पण नीट घ्या, आणि घरी टायमर लावून मोठ्याने बोलून बघा.

दुसरं म्हणजे विद्यार्थी कोण ते माहीत नसणं. नोकरी करून येणारे, मुलंबाळं सांभाळणारे, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेले, नर्सिंगसाठी अ‍ॅनाटॉमी घेतलेले. "बेसिक कच्चं असेल तर हा कोर्स घेऊच नये" असं बोलून गेलात की विषय संपला, कारण दार सगळ्यांना उघडं ठेवणं हेच या कॉलेजांचं काम आहे.

पॅनल बऱ्याचदा सगळ्यांना तेच छापील प्रश्न विचारतं आणि मान खाली घालून लिहीत बसतं, त्यात आपल्या विषयाबाहेरचे लोकही असतात. चेहरे कोरे दिसले म्हणून गडबडू नका. सीव्हीत आहे ना, असं समजून उत्तर आखडतं घेऊ नका, लॅब सेफ्टी कशी सांभाळली, नापास होणाऱ्या मुलासाठी नेमकं काय केलं ते खरं उदाहरण देऊन सांगा.

रिसर्च ग्रँटच्या गप्पा नकोत. कॅलिफोर्नियात फुल-टाइमला सेमिस्टरला साधारण १५ युनिट्स (एक युनिट म्हणजे ढोबळमानाने आठवड्याला लेक्चरचा एक तास) शिकवायचे असतात, वेळ त्यातच जातो.

आणि व्हिसावर असाल तर कॉलेज व्हिसा स्पॉन्सर करतं का, म्हणजे तुमच्यासाठी व्हिसाचा अर्ज करतं का, ते अर्ज करण्याआधीच जाहिरातीत बघा, बरीच कॉलेजं करत नाहीत. जाहिरातीत काही लिहिलं नसेल तर सरळ एचआरला मेल टाका.