तीन प्रकारचे 'ॲड.' आणि एक फोन-पुस्तिका

दिवाळीच्या तोंडावर आमच्या तालुक्यातल्या वकिलांची फोन-पुस्तिका माझ्याकडे छपाईला आली. एक्सेलमध्ये ३१२ नावं, प्रत्येकापुढे 'ॲड.'. आडनावाप्रमाणे लावायची म्हणून मी आधी ॲड. काढून टाकायला गेले. 'रिप्लेस ऑल' मारलं, तर निम्म्याहून जास्त ॲड. जागच्या जागी. यादी घेऊन आलेले कारकून म्हणाले, "ताई, तुमचं मशीनसुद्धा वकिलांना घाबरतंय."

यादी तिघांनी टाइप केली होती आणि तिघांचा ॲ वेगळा होता:

ॲड.
अॅड.
अ‍ॅड.

पहिल्यातला ॲ हे अख्खं एक अक्षर, युनिकोड (संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) क्रमांक ०९७२. तो २००८ साली ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधी लोक अ (०९०५) टाइप करून त्याच्या डोक्यावर अर्धचंद्राची मात्रा (०९४५) ठेवायचे. ही मात्रा खरी व्यंजनाची, बॅट-कॅरममधली. ती स्वरावर बसवली की कित्येक संगणकांवर मधेच टिंबांचं वर्तुळ उमटायचं. ते घालवायला दोघांच्या मध्ये न दिसणारा जोडक (२००डी) घुसवायची युक्ती निघाली. तो तिसरा प्रकार. युनिकोडच्या हिशेबी हे तिन्ही वेगवेगळे, त्यामुळे नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची प्रक्रिया) केलं तरी एक होत नाहीत.

ओळखायचे कसे? अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून बॅकस्पेस एकदाच दाबा. अख्खा ॲ गेला तर ठीक. मागे नुसता अ उरला तर तो जुना जोड. दुसरा की तिसरा हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी ते एकच अक्षर एका खणात ठेवून शेजारी 'लेन' (LEN, खणातली अक्षरं मोजणारा) फॉर्म्युला लावा. उत्तर १, २ किंवा ३ येईल.

दुरुस्तीसाठी मी एक्सेलचा 'सब्स्टिट्यूट' (SUBSTITUTE) फॉर्म्युला वापरते, कारण तो कोड पाहून बदलतो. शोधायचं काय ते 'युनिकॅर'ने (UNICHAR, क्रमांकावरून अक्षर देणारा) बनवा: २३०९ आणि २३७३ जोडून दुसरा प्रकार, मध्ये ८२०५ घातला की तिसरा. जागी ठेवायचा तो २४१८. (हे तेच क्रमांक, दशमान पद्धतीत; वर दिलेले षोडशमान पद्धतीतले. फॉर्म्युल्याचं नाव आणि आकडे इंग्रजीतूनच टाइप करा.) 'युनिकॅर' एक्सेल २०१३ पासून आहे.

आता मी केलेला घोळ. एवढं सगळं कशाला, तो जोडकच यादीतून उडवू, असा शहाणपणा मी आधी केला होता. ॲड. तर सुधारले नाहीतच, वर 'कुऱ्हाडे'चे 'कुर्हाडे' झाले. साध्या र ला हलन्त देऊन टाइप केलेला आपला चंद्रकोरीसारखा र त्याच जोडकावर उभा असतो. तो काढला की रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. त्या वकीलसाहेबांनी प्रूफ पाहून फोन केला, तेव्हा मूळ फाइल उघडून सगळं पुन्हा केलं. म्हणून नवा स्तंभ घ्या, जुना शेवटपर्यंत ठेवा. नुसती ०९४५ सुद्धा उडवू नका, नाहीतर 'कॅम्प'चा 'कम्प' होईल.

कुठेतरी ऍ (०९०डी) सापडेल. ए वर चंद्र, हिंदी पद्धतीचा. मराठी मजकुरात मी तोही २४१८ ने बदलते, हिंदीत असेल तर हात लावत नाही.

यापुढे टाइप करताना: वर्डमध्ये आधी एक जागा सोडून इंग्रजी आकड्यांत ०९७२ लिहा आणि ऑल्ट-एक्स दाबा, ॲ उमटतो. तो कॉपी करून ऑटोकरेक्टमध्ये एखाद्या सोप्या खुणेला बांधून ठेवा. मी 'अअ' ठेवलंय.

छापायला देण्याआधी 'ॲड.' वेगळ्या स्तंभात काढून त्याला फिल्टर लावा आणि बाणावर क्लिक केल्यावर उघडणारी यादी पाहा. 'ॲड.' एकदाच दिसायला हवा. माझ्या यादीत तरीही दोनदा दिसत होता. दुसऱ्यात एक मोकळी जागा घुसली होती.