खान्देशच्या उन्हाळ्यासाठी बाटलीबंद पाण्याचा साठा : तयारीची यादी

जळगाव, भुसावळ, अमळनेर, शिरपूर या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. नेमक्या त्याच दिवसांत नळाला पाणी येण्याचे अंतर वाढते, कूपनलिका आटतात आणि वीज गेली की उरलासुरला पुरवठाही थांबतो. घरात पिण्याच्या पाण्याचा राखीव साठा असावा, हे बहुतेकांना पटते. तो साठा सुरक्षित कसा राहील, याचा विचार मात्र क्वचितच होतो. नीट सीलबंद केलेले पाणी केवळ दिवस उलटल्यामुळे नासत नाही. त्याला धोका असतो तो उष्णतेचा, उन्हाचा आणि शेजारी ठेवलेल्या वस्तूंचा, आणि खान्देशात या तिन्हींची काळजी छापील तारखेपेक्षा अधिक घ्यावी लागते.

प्रथम प्रमाण ठरवावे. पिणे व स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला ४ लिटर धरले, तर पाच जणांच्या घराला तीन दिवसांसाठी ६० लिटर आणि दोन आठवड्यांसाठी २८० लिटर पाणी लागते. शेतात राबणारे, आजारी व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी निदान ५ लिटर धरावेत. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी व नातवंडे येणार असतील, तर त्यांचीही मोजदाद करावी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, म्हणून एवढा साठा माळ्यावर किंवा भिंतीतल्या फळीवर चढवू नये.

खरेदी जानेवारी-फेब्रुवारीत उरकावी. मे महिन्यात घेतलेला बॉक्स बहुधा तापलेल्या ट्रकमधून आलेला असतो आणि दुकानाबाहेर उन्हात थप्पी लावून ठेवलेला असतो. त्याचे पुढे घरी कितीही जतन केले तरी झालेले नुकसान भरून येत नाही. दुकानदाराकडे आतल्या सावलीतला बॉक्स मागावा. बाटलीवर भरल्याची तारीख, बॅच क्रमांक, एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक आणि आयएस १४५४३ या बाटलीबंद पाण्याच्या भारतीय मानकाची खूण आहे का, ते पाहावे. झाकणाखालचे कडे अखंड असावे आणि बाटली उलटी करून दाबल्यावर थेंबही गळू नये. गावातल्या प्रकल्पातून येणारा २० लिटरचा थंड पाण्याचा जार लग्नकार्याला सोयीचा असला, तरी त्याचे झाकण सहसा सीलबंद नसते. ते पाणी एक-दोन दिवसांत संपवावे, साठ्यात धरू नये.

सर्वांत अधिक विचार जागेचा करावा. पाण्याच्या बाटल्या ज्या पीईटी प्लास्टिकच्या असतात, ते तयार करताना बहुधा अँटिमनी या विषारी मूलद्रव्याचे संयुग वापरले जाते. साध्या तापमानात त्याचा अत्यल्प अंश पाण्यात उतरतो. परंतु तापमान वाढते तसा हा वेग वाढत जातो आणि ६० अंशांच्या पुढे तो झपाट्याने चढतो. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी उन्हात उभी केलेली बंद मोटार एवढी सहज तापते, म्हणून गाडीत पाण्याचा बॉक्स कायमचा ठेवण्याची सवय सोडून द्यावी. पत्र्याची खोली, गच्चीवरची अडगळीची खोली आणि पश्चिमेकडची गॅलरी याही जागा बाद समजाव्यात. साठ्यासाठी १० ते २१ अंश तापमान आदर्श मानले जाते. खान्देशातल्या उन्हाळ्यात वातानुकूलनाशिवाय ते साधणार नाही, तेव्हा घरातली सर्वांत थंड जागा शोधणे एवढेच आपल्या हाती उरते. जुने धाब्याचे घर असेल, तर त्याच्या आतल्या खोलीसारखी दुसरी जागा नाही. स्लॅबच्या घरात तळमजल्यावरची, मावळतीचे ऊन न लागणारी भिंत निवडावी. साधा तापमापक आणून एप्रिलमधल्या आठवडाभर दुपारी चारच्या सुमारास दोन-तीन कोपऱ्यांतले तापमान पाहावे आणि मगच जागा नक्की करावी. हाताला गार वाटणारी फरशी पुष्कळदा फसवते. बाटल्या पुठ्ठ्याच्या बॉक्समध्येच राहू द्याव्यात, म्हणजे उजेड लागणार नाही. बॉक्स लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून चार बोटे दूर मांडावेत, म्हणजे गळती आणि उंदरांचा वावर लगेच ध्यानात येतो. एकावर एक तीनपेक्षा अधिक बॉक्स रचू नयेत आणि कूलरच्या ओलाव्यापासून ते लांब ठेवावेत, कारण पुठ्ठा भिजला की थप्पी कोसळते.

कापूस व केळी पिकवणाऱ्या घरांनी पुढची बाब विशेष काळजीने पाळावी. फवारणीची औषधे, तणनाशके, रॉकेल, डिझेल, थिनर, फिनेल आणि डांबरगोळ्या यांची वाफ बाटलीच्या पातळ प्लास्टिकमधून आत शिरू शकते, झाकण घट्ट असले तरीही. ज्या खोलीत यांतले काहीही ठेवलेले आहे, त्या खोलीत पिण्याचे पाणी ठेवू नये. औषधाचा रिकामा डबा कितीही वेळा धुतला, तरी तो पाण्यासाठी कधीही वापरू नये. कोणी तो पुन्हा वापरू नये म्हणून त्याला भोके पाडावीत.

सगळाच साठा विकत घेणे अनेकांना परवडणार नाही. अशा घरांनी खाद्यपदार्थांसाठी बनवलेले, घट्ट झाकणाचे नवे कॅन वापरावेत. तेलाचा किंवा दुधाचा जुना डबा नको, कारण त्याचा वास व चिकटा पूर्ण जात नाही. कॅन साबणाने धुऊन, एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा घरगुती, बिनसुगंधी द्रव ब्लीच मिसळून ते सर्व बाजूंना लागेल असे खळखळावे, निदान अर्धे मिनिट राहू द्यावे, ओतून टाकावे आणि कॅन वाळवावा. येथे एक गैरसमज दूर करायला हवा: आरओ यंत्रातून गाळलेले पाणी साठवणीला अधिक चांगले नसते. त्या यंत्रातला कार्बनचा फिल्टर जंतूंना रोखणारे क्लोरीन काढून टाकतो आणि पाण्याचे संरक्षणच जाते. क्लोरीनयुक्त नळाचे स्वच्छ पाणी भरावे. विहिरीचे पाणी असल्यास क्लोरीनचे द्रावण वेष्टनावर दिलेल्या प्रमाणातच घालावे, अर्धा तास थांबावे आणि मगच वापरावे. ब्लीचिंग पावडर अंदाजाने टाकू नये. गढूळ पाणी आधी निवळून व गाळून घ्यावे, कारण गाळ असला की क्लोरीन पुरेसे काम करत नाही. घरी भरलेले पाणी सहा महिन्यांनी बदलावे. होळीच्या आधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, असा क्रम आपल्या हवामानाला मानवतो.

प्रत्येक बॉक्सवर खरेदीचा महिना ठळक लिहावा, नवा बॉक्स मागे व जुना पुढे ठेवावा. छापील मुदतीच्या आतच जुन्या बाटल्या रोजच्या पिण्यात आणून त्यांची जागा नव्यांनी भरावी. मुदत नुकतीच उलटलेली पण थंड जागी राहिलेली सीलबंद बाटली अडचणीच्या वेळी चालते. उन्हात तापलेली, फुगलेली, हिरवट झाक आलेली किंवा प्लास्टिकचा वास येणारी बाटली मात्र लादी पुसायला वापरावी. पांझरा, गिरणा किंवा तापीच्या पुराचे पाणी घरात शिरले आणि बाटल्या बुडाल्या, तर सील शाबूत असले तरी त्या पिऊ नयेत, कारण झाकणाच्या आट्यांत घाण अडकून राहते.

उघडलेली बाटली तोंड न लावता, पेल्यात ओतून वापरावी आणि दिवसभरात संपवावी. याच बॉक्सांजवळ स्वच्छ पेले, क्लोरीनच्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटे एका डब्यात ठेवावीत. एक लिटरसाठी असलेले मोठे पाकीट एक लिटरच्या बाटलीतल्या सर्व पाण्यात कालवावे, प्रमाण चुकत नाही. हे द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे.