‘बरी आहे’ म्हणण्याआधी

समुपदेशकाच्या पहिल्या भेटीत मी जवळजवळ ४५ मिनिटं नवऱ्याच्या झोपेबद्दल बोलले. स्तनाचा कॅन्सर मला, तिसरी केमो माझी, आणि काळजी कसली तर ह्यांना रात्री झोप लागत नाही याची. उठता उठता बाईंनी विचारलं, "आणि तुमची झोप?" मी म्हटलं, "बरी आहे." घरी आले, बाथरूमचा नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

त्याला ६ वर्षं झाली. आता मी नव्या पेशंटांसोबत बसते. मी डॉक्टर नाही की समुपदेशक नाही, या वाटेवरून आधी चालून गेलेली एक बाई आहे. त्यांना सांगते तेच इथे लिहिते.

पहिली सवय लावायची ती आकड्याची. गेल्या आठवडाभरात मनाला किती त्रास झाला, हे ० ते १० मध्ये सांगायचं. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे आता सहन होत नाही. ही माझी युक्ती नव्हे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात जिमी हॉलंड या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९७७ पासून कॅन्सरच्या पेशंटांच्या मनाकडे पद्धतशीर लक्ष द्यायला सुरुवात केली. त्यांच्या गटाने १९९८ साली या मोजपट्टीवरचा अभ्यास छापला. तापमापकाचं चित्र असलेला तो साधा कागद आज बऱ्याच कॅन्सर रुग्णालयांत वापरतात. आकडा साधारण ४ किंवा त्याहून जास्त आला तर पुढे बोलायला हवं, असं धरतात. ‘नैराश्य’, ‘मानसिक आजार’ म्हटलं की माणूस आक्रसतो, म्हणून त्यांनी मुद्दाम ‘त्रास’ हा साधा शब्द घेतला. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. ‘आज सात’ म्हणायला लाज वाटत नाही.

आकड्याखाली दोन ओळी लिहा: कशामुळे आणि केव्हापासून. मरणाची भीती असेलच असं नाही. एका तरुण पेशंटचा ८ कुठून येतो ते शोधत गेलो, तर त्याने ऑफिसात आजार सांगितलाच नव्हता आणि रोज नवी थाप मारून तो दमला होता. त्याला पहिली मदत झाली ती वैद्यकीय समाजसेवकाची. रजेचा अर्ज कसा लिहायचा, साहेबांशी काय बोलायचं, हे त्यांनी बसून ठरवून दिलं. आठवड्याने आकडा ५ वर आला.

मनाचं आहे असं धरण्याआधी औषधांकडेही बघा. केमोसोबत उलट्या थांबवायला बऱ्याचदा स्टेरॉइड देतात. त्याने दोन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, जीव उगाच धावतो, आणि गोळी थांबली की माणूस कोसळल्यासारखा होतो. मला वाटायचं, मी खचले. वेळापत्रक मांडून पाहिलं तर दर वेळी तेच दिवस! डॉक्टरांनी गोळी सकाळी घ्यायला सांगितली, निदान झोप सुधारली. माणूस अचानक भलतंसलतं बोलू लागला, दिवस-रात्र कळेना, तर तो मनाचा कमकुवतपणा नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि मनोविकारतज्ज्ञांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या. स्तनाच्या कॅन्सरवरची टॅमॉक्सिफेन ही गोळी चालू असेल तर पॅरोक्सेटिन, फ्लुऑक्सेटिनसारखी नैराश्यावरची काही औषधं तिच्या कामात आडवी येऊ शकतात. त्या औषधांना पर्याय असतात, पण आधी डॉक्टरांना कळायला हवं.

पहिल्या भेटीला कागदावर तीनच गोष्टी न्या: आकडा, सगळ्यात वाईट वेळ कोणती, आणि घरात कोणाला सांगता न आलेली एक गोष्ट. तिसरी पहिल्याच दिवशी बोलायला हवी असं मुळीच नाही. माझी चौथ्या भेटीत निघाली. प्रत्येक निरोगी बाईचा मला राग यायचा. समुपदेशक बाई म्हणाल्या, "बरं झालं बोललात," आणि थांबल्या. उपदेश नाही, सांत्वन नाही. चांगला समुपदेशक असा ओळखावा. दोन-तीन भेटींत सूर जुळला नाही तर बदला, त्यात कृतघ्नपणा नाही.

आता नातेवाइकांसाठी. "मन खंबीर ठेव, म्हणजे बरी होशील" हे वाक्य बंद करा. १९८९ मध्ये एका छोट्या अभ्यासात गटात एकत्र बसून मनातलं बोलणाऱ्या स्तनकॅन्सरच्या स्त्रिया जास्त जगल्याचं दिसलं होतं, त्यावरून बराच गाजावाजा झाला. पुढे २००१ मध्ये पसरलेला स्तनकॅन्सर असलेल्या २३५ स्त्रियांच्या मोठ्या चाचणीत आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. मात्र गटातल्या स्त्रियांचं मन हलकं झालं, वेदनाही कमी जाणवली. माझ्यासाठी एवढं पुष्कळ आहे. गाठ वाढली तर "मीच रडले म्हणून" हा आरोप तरी पेशंटच्या माथी नको. "कशी आहेस?" विचारलं की "बरी आहे" येणारच. त्याऐवजी "आज किती?" विचारा. आकडा ऐकून लगेच तोडगा काढू नका. "बसू का जरा?" पुरतं.

दोन आठवडे बहुतेक वेळ उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा. जगणं संपवण्याचा विचार आला तर त्याच दिवशी, त्याच तासाला. घरच्यांनी अशा माणसाला एकटं ठेवू नये.

उपचार संपल्यावर सगळे पेढे वाटल्यासारखे खूश असतात आणि आपला आकडा मात्र चढतो. रोजची रुग्णालयाची ये-जा थांबलेली असते, नजर ठेवणारं कोणी नसतं, जरा पाठ दुखली की पोटात गोळा येतो. तपासणीच्या आधीचे दिवस तर जीव टांगणीलाच. हे नेहमीचंच आहे, समुपदेशन तेव्हाही मागता येतं. मी रिपोर्ट मिळायची वेळ आधीच विचारून ठेवते आणि त्या दिवशी फोन कोण उचलणार तेही ठरवते.

माझी पुढची तपासणी गुरुवारी आहे. आज पाच. बुधवारी रात्री सात होईल, असं ह्यांना सांगून ठेवलंय. मग मीच विचारलं, "आणि तुमचा?" ते बराच वेळ गप्प बसले. म्हणाले, "सहा. झोप नाही लागत."